पणजीचा शोध

न्यू यॉर्क शहरातील क्वीन्स विभागात रिचमंड हिल नावाची वस्ती आहे. तिच्यातील लिबर्टी ॲव्हेन्यूवरून संध्याकाळी हिंडणाऱ्या परक्या पाहुण्यास आपण नेमक्या कोणत्या देशात आहोत, असा क्षणभर संभ्रम पडतो. डोक्यावरून लोखंडी पुलावर आगगाडी धडधडत जाते, खाली साड्यांची आणि पूजासाहित्याची दुकाने असतात, शेजारी रोटी व रस्सा विकणाऱ्या खाणावळी असतात. आणि कानांवर पडते ती इंग्रजी, पण तिचा हेल असतो वेस्ट इंडीजचा. गयाना, त्रिनिदाद, सुरिनाम या देशांतून आलेली ही हिंदी रक्ताची माणसे होत. त्यांच्या पणज्यापणजोबांनी हिंदुस्थान सोडला, आणि ज्या ऊसमळ्यांच्या देशाला त्यांनी आपले मानले होते तो पुढे नातवंडांनी सोडला. एकाच घराण्याच्या नशिबी दोन समुद्र ओलांडणे आले.

अशा घरांतून पुस्तकांचा संग्रह पूर्वी क्वचितच असे. रामायणाची पोथी लाल कापडात गुंडाळून देवापाशी ठेवलेली असे, तिच्यावर हळदकुंकवाचे डाग असत, आणि वाचण्यापेक्षा ती ऐकण्याचीच वस्तू होती. आज त्याच घरांतील मुलीबाळी ग्रंथालयातून पुस्तकांची थैली भरून आणतात. वाचनाची खरी भूक असलेल्या माणसाला दोन प्रकारची पुस्तके विशेष ओढतात. एक आठवणींची, म्हणजे आत्मचरित्रे व कुटुंबचरित्रे, दुसरी रहस्यकथांची. पहिली पुस्तके आपण लोकांना दाखवतो, दुसरी आगगाडीत वाचतो. निदान रीत तरी अशी आहे. परंतु गेल्या दहाबारा वर्षांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गिरमिटिया मजुरांच्या वंशजांनी लिहिलेली जी पुस्तके प्रसिद्ध झाली, त्यांनी या दोन फळ्यांमधील अंतर पुसून टाकले आहे. त्यांतील आठवणींची पुस्तके तपासकथेसारखी वाचावी लागतात आणि रहस्यकथा घरच्या गोष्टीसारखी हृदयाला भिडते. याचे कारण शोधू गेल्यास ते एकच निघते. बहुतेक पुस्तके कोणत्या ना कोणत्या हरवलेल्या, निदान अबोल राहिलेल्या बाईचा शोध घेत आहेत.

या मालिकेत मानाचे स्थान गायुत्रा बहादूर यांच्या 'कुली वूमन' या ग्रंथाला द्यावयास हवे. २०१३ साली शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने तो अमेरिकेत प्रसिद्ध केला. लेखिकेचा जन्म गयानाचा. १९८१ साली ती लहानपणीच आईवडिलांबरोबर न्यू जर्सीतील जर्सी सिटी येथे आली आणि पुढे वृत्तपत्रव्यवसायात शिरली. तिच्या ग्रंथाचा विषय तिची पणजी. या पणजीचे नाव सुजारिया. १९०३ साली कलकत्त्याच्या धक्क्यावरून 'क्लाइड' नावाच्या जहाजात ती चढली तेव्हा तिचे वय सत्तावीस होते, जात ब्राह्मण अशी नोंदली होती, आणि ती चार महिन्यांची गरोदर होती. बरोबर पुरुष नव्हता. मूल समुद्रातच, जहाजावर जन्मले. तेच लेखिकेचे आजोबा.

एवढा मजकूर तिला मिळाला तो एका कागदावरून. गिरमिटावर जाणाऱ्या प्रत्येक माणसासाठी डिपोत असा एक पास तयार होई. त्यावर जहाजाचे नाव, डिपोतील क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, जिल्हा, ठाणे, गाव आणि अंगावरची ओळख पटविणारी खूण ही सारी नोंदली जात. मेलेल्या किंवा पळालेल्या मजुराची ओळख पटावी म्हणून ही व्यवस्था होती. त्यात माणसाच्या मनाविषयी एकही रकाना नाही. ती बाई घर सोडून का निघाली, अरकाट्याने तिला कोणत्या थापा दिल्या, की थापांची गरजच पडली नाही, पोटातल्या मुलाचा बाप कोण आणि तो कोठे राहिला, यांपैकी काहीही पासावर नाही. लेखिका मग हिंदुस्थानात येते, पासावर लिहिलेल्या छपरा जिल्ह्यातील गावाचा माग काढते, लंडनमधील दप्तरे उपसते, गयानातील ऊसमळ्यांवर जाते. आणि जेथे कागद थांबतो तेथे ती स्वतःही थांबते. अशा ठिकाणी एखाद्या कादंबरीकाराने कल्पनेचे घोडे सोडले असते. ही बाई प्रश्न लिहिते. प्रश्नामागून प्रश्न, ओळीमागून ओळ. ती विधवा होती काय? नवऱ्याने टाकली होती काय? की तिनेच त्याला टाकले? वाचकाला प्रथम या प्रश्नांचा त्रास होतो, कारण उत्तर मिळावे ही वाचनाची सवय असते. नंतर लक्षात येते की प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच.

ग्रंथाचा मधला भाग काहीसा जड आहे, हे मान्य केले पाहिजे. एका पणजीची गोष्ट सांगता सांगता लेखिका शेकडो बायकांच्या दप्तरांत शिरते, आणि साहेबांच्या चौकशा, कोर्टाचे निवाडे व डॉक्टरांचे अहवाल यांच्या गर्दीत सुजारिया काही काळ दिसेनाशी होते. परंतु त्या दप्तरांतूनच सर्वांत बोचरी गोष्ट बाहेर येते. वसाहतींच्या कायद्याप्रमाणे शंभर पुरुषांमागे निदान चाळीस बायका पाठविल्या पाहिजेत, असा दंडक होता, आणि तोही पुरता पाळण्याची मारामार. बायका थोड्या म्हणून त्यांना काही ठिकाणी जोडीदार निवडण्याची, बदलण्याची मोकळीक मिळाली. आणि त्याच मोकळिकीपायी कित्येकींचे प्राण नवऱ्यांच्या कोयत्याने गेले. ऊस तोडण्याचे हत्यार घरातल्या बाईवर चालविले गेल्याच्या या हकिकती वाचताना पुस्तक मिटवून ठेवावेसे वाटते.

आणि येथेच आपल्या समाजापुढील अवघड प्रश्न उभा राहतो. आमच्या बायकांना फसवून नेले, त्या साऱ्या सती-सावित्री होत्या, ही गोष्ट आपल्या सभासंमेलनांतून पुष्कळ वेळा सांगितली जाते. ती खोटी नाही, फसवणूक झालीच. पण ती पुरी नाही. कित्येक बायका पाय रोवून, डोळे उघडे ठेवून त्या जहाजात चढल्या, कारण मागे राहिलेल्या घरात त्यांना उभे राहावयास जागा उरली नव्हती. बालविधवेला केशवपन करून कोनाड्यात बसविणाऱ्या समाजाला कंत्राटदाराच्या पापाची चौकशी करण्यापूर्वी स्वतःच्याही दाराशी जरा थांबावे लागते. ग्रंथाला 'कुली' हे नाव का दिले, याविषयी लेखिकेला आपल्याच माणसांना उत्तर द्यावे लागते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्या मराठीत कुली म्हणजे स्टेशनावरचा हमाल, एवढाच निरुपद्रवी अर्थ. वसाहतींत मात्र ती शिवी. ती तिने जाणूनबुजून मुखपृष्ठावर छापली.

मराठी वाचकाला यात परके वाटण्याचे कारण नाही. मॉरिशस बेटात २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून हिंदी मजुरांची पहिली तुकडी उतरली, आणि पुढील दशकांत रत्नागिरी, सातारा या बाजूची मराठी कुटुंबे मुंबई बंदरातून त्याच बेटावर गेली. पोर्ट लुईच्या ज्या पायऱ्या चढून ती माणसे आत गेली तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या माणसांची नोंदवहीतील दप्तरे, आणि पुष्कळांची छायाचित्रेही, जतन केलेली आहेत. म्हणजे गायुत्रा बहादूर यांनी जे केले ते करण्यास लागणारी सामग्री मराठी घराण्यांपाशी त्यांच्याहूनही अधिक आहे. अमिताव घोष यांनी २००८ साली 'सी ऑफ पॉपीज' या कादंबरीत मॉरिशसला निघालेल्या जहाजावरची एक विधवा रंगविली आणि ती जगभर वाचली गेली; पण ती कल्पित बाई होय. सावंतवाडीकडील किंवा खेड-चिपळुणाकडील एखाद्या खऱ्या पणजीवर मराठीत असा ग्रंथ कोणी लिहील, तर त्याचे स्वागत करण्यास ही घराणी तयार आहेत काय, हा निराळा प्रश्न.

या साऱ्या व्यवहाराचा शेवट करण्यात एका रत्नागिरीकराचाच हात होता, याचे स्मरण येथे अप्रस्तुत होणार नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली नाताळला मजूर पाठविणे बंद करण्याचा ठराव वरिष्ठ कायदेमंडळात आणला, आणि ४ मार्च १९१२ रोजी गिरमिटाची पद्धतच समूळ बंद व्हावी, असा दुसरा ठराव मांडला. तो सरकारी बहुमताने फेटाळला गेला. गोखले १९१५ साली वारले. गिरमिटावरची जहाजे १९१७ साली थांबली. फिजीतील उरलेले करार १९२० च्या पहिल्या दिवशी रद्द झाले. पुण्याच्या त्या सौम्य माणसाने कायदेमंडळात केलेली ती भाषणे आज वाचली तर आकड्यांनी भरलेली दिसतात. आकड्यांमागची माणसे कशी होती हे सांगण्याचे काम शंभर वर्षांनंतर नातवंडांवर आले.

क्रिस्टल सीताल यांचे 'सीक्रेट्स वी केप्ट' हे पुस्तक न्यू यॉर्कच्या नॉर्टन कंपनीने २०१८ साली काढले. त्यात जहाज नाही, दप्तर नाही; सारे रहस्य घराच्या चार भिंतींत आहे. लेखिका त्रिनिदादची, वाढली न्यू जर्सीत. तिचे आजोबा मेंदूतील रक्तस्रावाने बेशुद्ध होऊन इस्पितळात पडतात. नात व्याकूळ होते, कारण तिने आजोबांचे लाडच पाहिले आहेत. पण आजी त्यांच्या खाटेजवळ जात नाही. जन्मभर ज्या बाईने त्या पुरुषाचे घर सांभाळले ती त्याच्या शेवटच्या दुखण्यात पाठ फिरवून उभी राहते. का? या एका प्रश्नावर सबंध पुस्तक उभे आहे, आणि उत्कंठेच्या बाबतीत ते कोणत्याही खूनकथेला हार जाणार नाही. नात स्वयंपाकघरात आजीपाशी आणि आईपाशी बसते, भाजी चिरता चिरता, पीठ मळता मळता एकेक थर उकलत जातो, आणि लाडक्या आजोबांच्या जागी चाबूक घेतलेला एक जमीनदार दिसू लागतो.

कथनात काळाची उलटापालट फार असल्यामुळे मधूनमधून वाचकाचा गोंधळ उडतो. आजी व आई ज्या त्रिनिदादी बोलीत बोलतात ती तशीच ठेवल्यामुळे प्रथम कान सरावावा लागतो. पण सरावल्यावर त्याच बोलीत पुस्तकाचा जीव आहे हे पटते. लक्ष्मीबाई टिळकांनी शाळेचे तोंड न पाहता 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि मराठी गद्याला बायकांच्या बोलण्याची चव आणून दिली, ती ज्यांनी चाखली आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. फरक इतकाच की लक्ष्मीबाई दुःखावर हसू शकत होत्या. या आजीजवळ हसण्यासारखे फार थोडे होते.

असे पुस्तक निघाले की घरची माणसे दुखावतात. आपले धुणे चव्हाट्यावर कशाला, असा प्रश्न येतो, आणि तो विचारणारे सारेच दांभिक असतात असे नव्हे. परक्या देशात आधीच ज्यांच्याकडे संशयाने पाहिले जाते त्यांना आपल्या घरातील मारझोड शेजाऱ्यांना सांगावीशी वाटत नाही. जर्सी सिटीत १९८७ साली हिंदी लोकांना कपाळावरच्या कुंकवावरून हेरून मारहाण करणाऱ्या टोळ्या हिंडत होत्या; त्या दिवसांत वाढलेल्या पिढीला घराचे दार लावून घेण्याची सवय लागली, तर तिला दोष कोणी द्यावा? महाराष्ट्रातही हे घडले आहे. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले तेव्हा बाहेरच्या वाचकांनी त्याची वाखाणणी केली, पण ज्या समाजाचे ते चित्र होते त्यातील कित्येकांना ते बोचले. आपल्या आयाबहिणींची विटंबना छापून काय मिळविले, असे विचारले गेले. आज त्या पुस्तकावाचून मराठी आत्मचरित्राचा इतिहास लिहिता येत नाही. त्रिनिदादच्या या आजीचेही तसेच होईल असे भाकीत करण्याची जरुरी नाही. तिने तोंड उघडले आणि नातीने ते लिहून घेतले, हेच मोठे आहे.

राजीव मोहाबीर यांचे 'अँटीमॅन' हे २०२१ साली निघालेले आत्मचरित्र आपल्या मंडळाच्या पुष्कळ वडीलधाऱ्यांना प्रथमदर्शनी रुचणार नाही, हे उघड सांगितलेले बरे. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाला वेस्ट इंडीजमध्ये जी शिवी देतात तीच या पुस्तकाचे नाव आहे, आणि तशा प्रेमाची गोष्ट त्यात मोकळेपणाने आली आहे. परंतु तेवढ्यावरून पुस्तक बाजूला सारणारा वाचक एका आजीला मुकेल, आणि ही आजी मुकण्यासारखी नाही. तिची अकरा मुले अमेरिकेत व कॅनडात पांगली. त्यांनी ख्रिस्ती धर्म धरला, बोलण्यातला गयानी हेल घासून काढला आणि जुने ते विसरण्याचा उद्योग मन लावून केला. आजी तेवढी टोरांटोत आपल्या मोडक्यातोडक्या म्हणून हिणवल्या गेलेल्या भोजपुरीत गाणी गात बसली. सर्वांना लाज वाटणाऱ्या त्या भाषेसाठी फ्लॉरिडात वाढलेला हा नातू तिच्या पायांशी बसतो, गाणी उतरून घेतो, आणि त्यांचे मूळ शोधण्यासाठी वाराणसीत वर्षभर राहून हिंदी व भोजपुरी पक्की करतो. ज्याला घराबाहेर काढले त्याच मुलाने घराची भाषा वाचविली, ही त्या पुस्तकातील खरी मेख होय.

त्यातील आणखी एक स्थळ मनात घर करून राहते. न्यू यॉर्कच्या जॅक्सन हाइट्स भागात थेट हिंदुस्थानातून व शेजारच्या देशांतून आलेल्यांची दाट वस्ती आहे. आपण येथे तरी आपल्या माणसांत आलो, अशा भावनेने हा तरुण तेथे जातो, आणि त्याच्या ध्यानात येते की येथेही आपण 'देशी' नव्हे, 'कुली'च आहोत. शंभर वर्षांनी घरी परतलेल्याला दारात नाव-गाव विचारले जावे तसा हा प्रसंग. मॉरिशसच्या ज्या मराठी माणसाने अमेरिकेत एखाद्या पुणेकराला 'आम्हीही मराठी' म्हणून सांगितले असेल आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचे कुतूहलमिश्रित अवघडलेपण पाहिले असेल, त्याला हे स्थळ समजावून द्यावे लागणार नाही.

पुस्तकाची बांधणी विस्कळित आहे. गद्य, पद्य, भाषांतर, टिपणे यांची एकत्र केलेली ही गोधडी सर्वांना सारखीच उबदार वाटेल असे नाही. मोहाबीर यांचे दुसरे काम अधिक टिकाऊ ठरावे. लालबिहारी शर्मा नावाच्या गिरमिटिया मजुराने डेमेराराच्या ऊसमळ्यावर राहून होळीची गीते रचली आणि ती १९१६ साली हिंदुस्थानात छापली गेली. त्या छोट्याशा पुस्तकाकडे गायुत्रा बहादूर यांनी मोहाबीर यांचे लक्ष वेधले, आणि २०१९ साली मोहाबीर यांनी त्याचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले. इंग्रजांच्या वेस्ट इंडीज वसाहतींतील गिरमिटियाने स्वतः रचलेली दुसरी साहित्यकृती ज्ञात नाही, असे सांगतात. लाखो माणसे गेली आणि त्यांच्यापैकी एकाचा आवाज छापील कागदावर उरला.

आता रहस्यकथेकडे वळावयाचे. नीलिमा राव या फिजीतून गेलेल्या हिंदी घराण्यातील, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या लेखिका. त्यांची 'अ डिसअपीअरन्स इन फिजी' ही कादंबरी न्यू यॉर्कच्या सोहो प्रकाशनाने २०२३ साली अमेरिकेत आणली. काळ १९१४ चा. अकाल सिंग नावाचा पंचवीस वर्षांचा शीख पोलीस हाँगकाँगमध्ये नामुष्की ओढवून घेतो आणि शिक्षा म्हणून फिजीला धाडला जातो. एका ऊसमळ्यावरून कुंती नावाची गिरमिटिया बाई नाहीशी होते. त्याच सुमारास मळ्यावरचा मुकादमही दिसेनासा झाल्यामुळे दोघे संगनमताने पळाली, असे ठरवून सारे मोकळे होतात. एक पाद्री मात्र गप्प बसत नाही, वर्तमानपत्रात बोभाटा होतो, आणि वरिष्ठ अकाल सिंगला सांगतात की जाऊन पाहून आल्यासारखे करा आणि प्रकरण मिटवा.

मराठी वाचकाला हेरकथेची गोडी लागून शंभर वर्षे उलटली आहेत. गो. ना. दातारशास्त्र्यांच्या अद्भुत कादंबऱ्या दिव्याच्या वातीवर वाचणारी पिढी गेली, आणि बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू यांनी पुढच्या पिढीची झोप उडविली. एका माणसाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहाव्या आणि त्या मिळविण्यासाठी वाचनालयातून झुंबड उडावी, असे भाग्य गंभीर लेखकांच्या वाट्याला आले नाही. पण अर्नाळकरांचा नायक कधी चुकत नसे. अकाल सिंग चुकतो, आणि त्याची चूक साधी नाही. तो स्वखुशीने, पगारावर परदेशी आलेला माणूस. मळ्यावरच्या कुल्यांकडे पाहून आपण त्यांच्यातले नव्हे असे त्याला वाटते, आणि साहेबाच्या नजरेत मात्र तो त्यांच्यातलाच असतो. मजुरांच्या चाळींत, त्या सुमारे १० फूट लांब आणि ७ फूट रुंद खोल्यांत शिरल्यावर त्याचा फेटा, त्याचा इस्त्रीचा गणवेश, त्याची अदब सारे हळूहळू निरुपयोगी होत जाते. गुन्ह्याचा तपास करावयास आलेला माणूस एका सबंध पद्धतीचा साक्षीदार बनतो. रहस्याचा उलगडा येथे सांगणे म्हणजे वाचकाच्या पानातला घास काढून घेण्यासारखे होईल.

कुंती हे नाव योजण्यात लेखिकेने एक खूण ठेवली आहे. त्याच दशकात फिजीत कुंती नावाची एक खरी गिरमिटिया बाई होती. गोऱ्या मुकादमाच्या हातून सुटण्यासाठी तिने नदीत उडी टाकली आणि ती वाचली. तिची हकिकत हिंदुस्थानातील वर्तमानपत्रांत पोचली तेव्हा देशभर संताप उसळला. तोताराम सनाढ्य फिजीत एकवीस वर्षे काढून परतले आणि १९१४ साली त्यांच्या हिंदी आठवणी प्रसिद्ध झाल्या. १९१५ साली अँड्र्यूज आणि पिअरसन चौकशीसाठी फिजीला गेले. गिरमिटाविरुद्धची चळवळ सामान्य घराच्या ओटीपर्यंत नेली ती या अशा एकेका बाईच्या गोष्टीने.

कादंबरीत दोष आहेत. १९१४ सालची काही माणसे आजच्यासारखा विचार करतात आणि आजच्यासारखे बोलतात. अखेरीस धागे जुळतात ते जरा फारच सफाईने. त्या काळच्या फिजीत एका हिंदी शिपायाला एवढा न्याय पदरात पाडून घेता आला असता काय, अशी शंका पुस्तक मिटवल्यावर येते. पण वाचताना येत नाही, आणि रहस्यकथेपुरते तेवढे पुरे. २०२५ साली अकाल सिंगाची दुसरी कथा, 'अ शिपरेक इन फिजी', बाहेर पडली आहे.

केव्हिन जॅरेड होसेन यांची 'हंग्री गोस्ट्स' ही २०२३ ची कादंबरी सांगाव्या तशा अर्थाने रहस्यकथा नव्हे. २०२४ साली तिला ऐतिहासिक कादंबरीसाठीचे वॉल्टर स्कॉट पारितोषिक मिळाले. परंतु तिचीही सुरुवात एका नाहीशा झालेल्या माणसापासूनच होते. १९४० नंतरचे त्रिनिदाद. टेकडीवर चांगूर नावाच्या श्रीमंताचा बंगला आणि खाली पत्र्यालाकडाची बराक, जिच्या एकेका खोलीत एकेक कुटुंब. बंगल्याचा मालक गायब होतो आणि बराकीतला हान्स सरूप राखणदार म्हणून वर जातो. गिरमिट संपून वीस वर्षे झाली तरी माणसे त्याच बराकीत राहतात, एवढे एकच सत्य या कादंबरीत भुतासारखे वावरते. तिची भाषा इतकी अलंकारांनी लगडलेली आहे की कित्येक पानांवर शब्दकोश हाताशी लागतो, आणि क्रौर्याची वर्णने दुबळ्या मनाच्या वाचकाने जपून वाचावी. अकाल सिंगासारखा कोणी सत्प्रवृत्त पोलीस येथे येत नाही.

ही पुस्तके लागोपाठ वाचणाऱ्याच्या मनात एक तुलना आपोआप उभी राहते. रहस्यकथा उत्तर देते, कारण उत्तर दिल्यावाचून तिची सुटका नाही. त्यामुळे ती दिलासा देते. कुंतीच्या मागावर निदान एक माणूस निघाला, त्याने तिच्या खोलीत जाऊन पाहिले, तिच्या शेजारणीला विचारले, तिच्या नवऱ्याचे ऐकून घेतले. जहाजांतून गेलेल्या हजारो बायकांच्या मागे असा एकही माणूस कधी निघाला नव्हता. त्या दृष्टीने पाहिले तर नीलिमा राव यांनी करमणुकीच्या आवरणाखाली एक ऋण फेडले आहे. आठवणींच्या पुस्तकाला ही चैन परवडत नाही. सीताल यांना उत्तर मिळते, कारण त्यांची आजी जिवंत होती आणि नातीने वेळेवर विचारले. मोहाबीर यांना आजीची गाणी मिळतात. पूर्वजांची नावे मात्र धूसरच राहतात. बहादूर यांच्या वाट्याला एक कागद येतो.

सुजारियाच्या त्या पासावर नवऱ्याचे नाव नव्हते. पणतीने तीन खंड पालथे घातले आणि शेकडो पाने लिहिली. ती जागा तिने आपल्या पुस्तकातही मोकळीच ठेवली आहे.